तू बिश्वात

तू बिश्वात : ज्यू धर्मीयांचा एक गौण, परंतु आनंदाचा सण. हिब्रू पंचांगातील शेवात महिन्याच्या १५ व्या दिवशी तो येतो. ‘वृक्षांचे नववर्ष’ (रोश हाशाना ला-इलानोत) या नावानेही तो ओळखला जातो. या दिवशी निरनिराळी फळे, विशेषतः इस्राएलच्या भूमीत होणारी फळे, आशीर्वचने म्हणून खातात. आधुनिक इस्राएलमध्ये हा वृक्षारोपणाचा दिवस झाला आहे, तर कोकणातील बेने-इस्राएल समाजात याच तिथीस एलियाहू हन्नबीचा उरूस भरतो. जुन्या करारात या सणाचा उल्लेख नाही. त्याच्यामागे एखादा युद्धविजय, सुटका वा चमत्कार नाही. फळांवरील धार्मिक देणे कोणत्या वर्षाच्या हिशेबात धरावे, हे ठरविण्यासाठी धर्मशास्त्रज्ञांनी नेमून दिलेली ती एक तारीख होती. हिशेबाची ही तारीख सण कशी झाली, हाच या सणाच्या इतिहासाचा मुख्य विषय होय.

नाव व तिथी : हिब्रू भाषेत अंक अक्षरांनी लिहिण्याची पद्धत आहे. त्या पद्धतीने १५ हा अंक ‘योद’ (१०) व ‘हे’ (५) या अक्षरांनी लिहावयास हवा. परंतु ही दोन अक्षरे ईश्वराच्या नावातील असल्यामुळे त्यांचा असा व्यावहारिक उपयोग टाळतात आणि त्यांऐवजी ‘तेत’ (९) व ‘वाव’ (६) ही अक्षरे योजतात. या अक्षरांचा जोडउच्चार ‘तू’ असा होतो. ‘बिश्वात’ म्हणजे ‘शेवात महिन्यातील’. अर्थात तू बिश्वात याचा शब्दशः अर्थ ‘शेवातचा पंधरावा’ एवढाच आहे. शेवात हे महिन्याचे नाव मूळ बॅबिलोनियन असून निसान महिन्यापासून मोजल्यास तो अकरावा व तिश्री महिन्यापासून मोजल्यास पाचवा महिना ठरतो.

ज्यू पंचांगातील महिने चांद्र आहेत. सौर वर्षाशी मेळ राहावा, म्हणून १९ वर्षांत सात वेळा एक अधिक महिना धरतात. महिन्याचा आरंभ अमावास्येनंतरच्या चंद्रदर्शनाच्या सुमारास होत असल्यामुळे १५ वी तिथी पौर्णिमेच्या आसपास येते. तू बिश्वात साधारणतः जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत केव्हातरी येतो. म्हणजे आपल्याकडील पौष किंवा माघ पौर्णिमेच्या सुमारास. उदा., २०२४ मध्ये तो २५ जानेवारीस, तर २०२५ मध्ये १३ फेब्रुवारीस होता. ज्यू परंपरेप्रमाणे दिवसाची सुरुवात आदल्या सायंकाळी सूर्यास्ताबरोबर होते. म्हणून हा सणही सायंकाळीच सुरू होतो.

चार नववर्षे : या तिथीचा सर्वांत जुना निर्देश मिश्ना या धर्मशास्त्रीय संग्रहात मिळतो. मौखिक परंपरेने चालत आलेल्या नियमांचे हे संकलन रब्बी येहुदा हा-नासी याने सु. इ. स. २०० मध्ये सिद्ध केले. त्यातील ‘रोश हाशाना’ या प्रकरणाच्या आरंभीच वर्षाचे चार प्रारंभदिन सांगितले आहेत. निसान महिन्याचा पहिला दिवस राजांच्या कारकीर्दीची वर्षे व सणांचा क्रम मोजण्यासाठी होता. एलूलचा पहिला दिवस गुराढोरांच्या दशमांशासाठी होता. तिश्रीचा पहिला दिवस सामान्य वर्षगणना, विसाव्याचे सातवे वर्ष, पन्नासावे महोत्सवी वर्ष तसेच लागवड व भाजीपाला यांसाठी होता. चौथा प्रारंभदिन वृक्षांचा. तो शम्मईच्या संप्रदायाच्या मते शेवातचा पहिला दिवस, तर हिल्लेलच्या संप्रदायाच्या मते शेवातचा पंधरावा दिवस होता. बहुतेक वादांप्रमाणे येथेही हिल्लेलच्या संप्रदायाचे मत पुढे प्रमाण मानले गेले.

एकाच समाजात वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळे वर्षारंभ असणे महाराष्ट्रीय वाचकास अपरिचित नाही. शालिवाहन शक गुढीपाडव्यास बदलतो, व्यापाऱ्यांच्या नव्या वह्या बलिप्रतिपदेस सुरू होतात, शासकीय आर्थिक वर्ष १ एप्रिलला लागते आणि शाळांचे वर्ष उन्हाळी सुटीनंतर उघडते. मिश्नातील चार नववर्षे याच प्रकारची आहेत. त्यांपैकी तिश्रीचा पहिला दिवस हाच आज ज्यूंचे मुख्य धार्मिक नववर्ष म्हणून गंभीरपणे पाळला जातो. वृक्षांच्या नववर्षाचे मूळ स्वरूप शेतसाऱ्याच्या वर्षासारखे होते.

दशमांशाची व्यवस्था : प्राचीन इस्राएलमध्ये शेतीच्या उत्पन्नातून काही भाग ठरावीक क्रमाने बाजूला काढावा लागे. प्रथम पुरोहितांचा वाटा देत. उरलेल्या उत्पन्नाचा दहावा भाग लेवी वंशातील मंदिरसेवकांना मिळे. कारण त्यांना वतनाची जमीन नव्हती. त्यानंतर आणखी एक दशमांश काढीत. त्याचा उपयोग सात वर्षांच्या चक्रातील वर्षाप्रमाणे बदलत असे. पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या व पाचव्या वर्षी तो ‘दुसरा दशमांश’ म्हणून मालकानेच जेरूसलेमला नेऊन तेथे आप्तेष्टांसह खावयाचा असे. ते शक्य नसल्यास त्याचे नाण्यांत रूपांतर करून त्या पैशांतून जेरूसलेममध्ये अन्न घ्यावे लागे. तिसऱ्या व सहाव्या वर्षी हाच भाग ‘गरिबांचा दशमांश’ ठरे आणि तो गरजूंना द्यावा लागे. सातवे वर्ष जमिनीच्या विसाव्याचे असल्यामुळे त्या वर्षी दशमांश नसे.

एका वर्षाच्या उत्पन्नाचा दशमांश दुसऱ्या वर्षाच्या उत्पन्नातून देता येत नसे. त्यामुळे प्रत्येक फळ नेमके कोणत्या वर्षाचे, हे निश्चित करणे आवश्यक होते. धान्य एका हंगामात पेरले व कापले जाते. त्याचे वर्ष ठरविणे त्या मानाने सोपे असते. झाड मात्र वर्षानुवर्षे उभे असते. एकाच फांदीवर जुनी फळे पिकत असतात व नवी धरत असतात. म्हणून शास्त्रज्ञांनी फळ तोडण्याची वेळ न धरता ते धरण्याची वेळ प्रमाण मानली आणि वर्षाची सीमारेषा शेवातमध्ये आखली. तिसरे वर्ष तिश्रीत सुरू झाले, तरी त्यानंतरच्या शेवातच्या १५ तारखेपूर्वी धरलेले फळ दुसऱ्याच वर्षाचे समजत. त्याचा दशमांश मालक जेरूसलेमला नेऊन खाई. त्या तारखेनंतर धरलेल्या फळाचा तोच भाग गरिबाच्या घरी जाई. म्हणजे एका दिवसाच्या अंतराने फळाचा धनी बदलत असे. शम्मई व हिल्लेल यांच्या संप्रदायांत पंधरवड्याच्या फरकावरून झालेला वाद आज शब्दच्छलासारखा वाटला, तरी त्या पंधरवड्यात धरलेल्या फळांवर कोणाचा हक्क, हा त्यातील खरा प्रश्न होता.

हा प्रश्न किती गांभीर्याने घेतला जाई, याचे एक उदाहरण तालमुदमध्ये आढळते. रब्बी अकिवाने शेवातच्या पहिल्या दिवशी झाडावरून एत्रोग (महाळुंगाचे फळ) तोडले आणि त्यातून दोन्ही प्रकारचे दशमांश काढले, असे तेथे सांगितले आहे. शम्मईच्या मताने नवे वर्ष लागले होते, हिल्लेलच्या मताने लागले नव्हते. दोन्ही मतांप्रमाणे देणे चुकते व्हावे, असा त्याच्या कृतीचा एक अर्थ लावला जातो. त्याने महाळुंगच निवडले, यालाही महत्त्व आहे. या झाडाला सतत पाणी द्यावे लागते व त्यावर वर्षभर फळे असतात. त्यामुळे त्याचे वर्ष फळ धरण्यावरून मोजावे की भाजीपाल्याप्रमाणे तोडण्यावरून, हा वेगळाच वादविषय होता.

वृक्षांच्या नववर्षाचा दुसरा उपयोग नव्या झाडांच्या वयाची गणना करण्यासाठी होई. लेवीय ग्रंथातील नियमाप्रमाणे झाड लावल्यापासून पहिली तीन वर्षे त्याची फळे निषिद्ध (ओर्ला) असतात. चौथ्या वर्षाची फळे पवित्र मानतात व त्यानंतरची मालकाला मोकळेपणी खाता येतात. झाडाचे तिसरे वर्ष तिश्रीत संपले, तरी पुढील शेवातच्या १५ तारखेपूर्वी धरलेली फळे निषिद्धच राहतात. म्हणजे शेतकऱ्याला आपल्या नव्या बागेचे फळ प्रथम केव्हा चाखता येईल, हेही याच तारखेवरून ठरे.

ऋतू व पर्जन्य : ही सीमारेषा शेवातमध्येच का, याचे कारण त्या भूमीच्या ऋतुमानात आहे. भारतात पाऊस प्रामुख्याने उन्हाळ्यानंतर, नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर याच्या उलट स्थिती आहे. तेथे उन्हाळा कोरडा असून पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत, म्हणजे हिवाळ्यात पडतो. शेवातच्या मध्यापर्यंत वर्षाचा बहुतेक पाऊस पडून गेलेला असतो, असे कारण बॅबिलोनियन तालमुदमध्ये दिले आहे. जेरूसलेमच्या तालमुदमधील स्पष्टीकरण थोडे निराळे आहे : या दिवसापर्यंत झाडे गेल्या वर्षाच्या पाण्यावर जगतात, येथून पुढे नव्या वर्षाच्या पाण्यावर. दोन्ही स्पष्टीकरणांचा आशय एकच, की ज्या पाण्याने फळ पोसले, त्या पाण्याचे वर्ष ते फळाचे वर्ष.

याच सुमारास तेथील डोंगरउतारांवर बदामाला फुलोरा येतो. इतर झाडे निष्पर्ण असताना पांढऱ्या व फिकट गुलाबी फुलांनी भरणारे बदामाचे झाड या सणाचे प्रतीक झाले आहे. हिब्रूत बदामाला ‘शाकेद’ म्हणतात. याच धातूपासून ‘जागरूक असणे’ या अर्थाचे क्रियापद बनते. प्रेषित यिर्मयाच्या ग्रंथात या शब्दसाम्याचा उपयोग केलेला आहे.

मंदिराच्या विध्वंसानंतर : इ. स. ७० मध्ये रोमनांनी जेरूसलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले. पुढील शतकांत बहुसंख्य ज्यू इतर देशांत पांगले. दशमांशाचे नियम मुख्यतः इस्राएलच्या भूमीशी बांधलेले असल्याने परदेशात राहणाऱ्या ज्यूला शेवातच्या १५ तारखेचा व्यावहारिक उपयोग उरला नाही. बगदाद, कैरो वा ऱ्हाइन नदीच्या काठी राहणाऱ्या माणसाच्या दारातील झाडाला दशमांश लागू नव्हता. अशा वेळी ही तारीख विसरली जाणे स्वाभाविक होते. परंतु ती टिकली. मिश्नाने तिला ‘नववर्ष’ म्हटले होते, हे त्याचे एक कारण होय. धर्मग्रंथाचे पठण चालू होते आणि त्यात चार नववर्षे एका ओळीत होती; मग नववर्षाच्या दिवशी शोक वा उपवास कसा करावा, असा प्रश्न निघाला.

जर्मनीतील माइन्त्स येथील रब्बेनू गेर्शोम हे दहाव्या-अकराव्या शतकांतील थोर शास्त्रज्ञ. एका समाजाने ठरविलेला उपवास तू बिश्वातच्या दिवशी येत होता. त्या प्रसंगी मिश्नातील इतर नववर्षांप्रमाणे याही दिवशी उपवास करू नये व तो पुढे ढकलावा, असा निर्णय त्यांनी दिला. कैरोच्या जुन्या सिनेगॉगमधील ‘गेनिझा’ या हस्तलिखितसंग्रहात या दिवसासाठी रचलेली प्रार्थनाकाव्ये सापडली असून त्यांवरून मध्ययुगात पूर्वेकडील काही समाजांत या तिथीला उपासनेतही स्थान होते, असे दिसते. योसेफ कारो यांच्या ‘शुल्हान आरुख’ या धर्मसंहितेत (पहिले मुद्रण व्हेनिस, १५६५) या दिवशी पश्चात्तापाच्या नित्य प्रार्थना वगळाव्यात, असा नियम आहे. म्हणजे सणाची पहिली ओळख निषेधरूपाची होती. काय करावे हे कोणी सांगितले नव्हते. उपवास व शोक करू नये, एवढेच ठरले होते.

त्या मोकळ्या जागेत फळे खाण्याची प्रथा आली. मध्य व पूर्व यूरोपातील ज्यू या दिवशी अनेक प्रकारची फळे खातात, अशी नोंद सोळाव्या-सतराव्या शतकांतील ग्रंथांत मिळते. तेथे हा काळ ऐन हिवाळ्याचा. जमीन बर्फाखाली असे आणि ताजी फळे दुर्मिळ असत. तेव्हा दूरवरून आलेली सुकी अंजिरे, खजूर, मनुका, बदाम व विशेषतः कॅरब नावाच्या झाडाच्या गोड, सुकलेल्या शेंगा वापरीत. या शेंगा महिनोन् महिने टिकत असल्यामुळे पोलंड वा लिथ्वेनियामधील मुलालाही आपल्या पूर्वजांच्या भूमीतील काहीतरी तोंडात घालता येई. यिद्दिश भाषेत तिला ‘बोकसर’ म्हणत. ज्या फळांवर या घरांना कोणताही दशमांश द्यावयाचा नव्हता, तीच फळे आता त्या भूमीची आठवण झाली.

कॅरबच्या संदर्भात तालमुदमधील एक कथा या दिवशी हमखास सांगितली जाते. पर्जन्यासाठी प्रार्थना करण्याबद्दल प्रसिद्ध असलेल्या होनी नामक पुरुषाने एका माणसाला कॅरब लावताना पाहिले आणि हे झाड किती वर्षांनी फळेल, असे विचारले. सत्तर वर्षांनी, असे उत्तर मिळाले. मग ती फळे खाण्यास तू जगशील काय, या प्रश्नावर तो माणूस म्हणाला, की मी जन्मलो तेव्हा माझ्या पूर्वजांनी लावलेली झाडे जगात होती. मी माझ्या मुलाबाळांसाठी लावतो.

गूढवादी परंपरा : सोळाव्या शतकात गॅलिलीतील त्सफात हे नगर कब्बाला या ज्यू गूढवादाचे केंद्र बनले. इसहाक लुरिया (१५३४–७२) व त्यांचे शिष्य यांच्या विचारांचा प्रभाव पुढे सर्वत्र पसरला. त्या परंपरेतून तू बिश्वातच्या रात्रीचा एक विधी तयार झाला. तो ‘हेमदात यामिम’ या अनामिक लेखकाच्या ग्रंथात आला असून हा ग्रंथ १७३१–३२ मध्ये इझमिर येथे छापला गेला. पुढे हा विधी ‘पेरी एत्स हादार’ या नावाने स्वतंत्र पुस्तिकारूपानेही प्रसिद्ध होत राहिला. मूळ ग्रंथावर तोतया मसीहा शब्बाताई त्सवीच्या अनुयायांची छाया असल्याचा आक्षेप घेतला गेला. तरीही तुर्कस्तान, बाल्कन प्रदेश व अरब देश यांतील ज्यूंमध्ये विधी रूढ झाला. स्पेनमधून हद्दपार झालेल्या ज्यूंच्या लादिनो भाषेत या सणाला ‘लास फ्रुतास’ (फळे) असेच नाव पडले.

वल्हांडणाच्या रात्रीच्या भोजनविधीवर या विधीची रचना बेतलेली आहे. तीमध्ये द्राक्षारसाचे चार पेले असतात. पहिला पांढऱ्या द्राक्षारसाचा, पुढील पेल्यांत तांबड्या द्राक्षारसाचे प्रमाण वाढत जाते व शेवटी तो जवळजवळ पूर्ण तांबडा होतो. हिवाळ्याकडून वसंताकडे होणारे संक्रमण त्यातून सूचित होते, असे मानतात. फळांचे तीन वर्ग केलेले आहेत. बाहेरून कठीण कवच व आत खाद्य भाग असलेली (बदाम, अक्रोड, डाळिंब). बाहेरून खाद्य व आत बी असलेली (खजूर, ऑलिव्ह, जर्दाळू). आणि सर्वच्या सर्व खाता येणारी (अंजीर, द्राक्षे). कब्बालामधील चार विश्वांपैकी कृतीच्या, घडणीच्या व सृष्टीच्या विश्वांशी या तीन वर्गांची अनुक्रमे सांगड घातलेली आहे. चौथे व सर्वोच्च विश्व शुद्ध आत्मिक असल्याने त्याला फळाचे प्रतीक नाही. आशीर्वचन म्हणून फळ खाल्ल्याने त्यात दडलेला दैवी अंश मुक्त होतो, अशी या विधीमागील धारणा आहे. अनुवाद ग्रंथात (८:८) इस्राएलच्या भूमीचे वैभव म्हणून गहू, जव, द्राक्षे, अंजीर, डाळिंब, ऑलिव्ह व खजुराचा मध ही सात पिके सांगितली आहेत. त्यांना ताटात अग्रस्थान असते.

आधुनिक काळ : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंच्या नव्या शेतकरी वसाहती उभ्या राहू लागल्या आणि या सणाचा संबंध पुन्हा प्रत्यक्ष जमिनीशी आला. झिख्रोन याकोव्ह या वसाहतीतील शाळेचे प्रमुख व इतिहासकार झेएव्ह याव्हेत्स यांनी १८९० मध्ये या दिवशी विद्यार्थ्यांना घेऊन झाडे लावली. १९०८ मध्ये तेथील हिब्रू शिक्षकांच्या संघटनेने ही प्रथा उचलली आणि १९०१ मध्ये स्थापन झालेल्या ज्यू राष्ट्रीय निधीने तिला देशव्यापी रूप दिले. या संस्थेच्या स्वतःच्या नोंदीनुसार तिने आजवर २४ कोटींहून अधिक झाडे लावली आहेत. खाण्याचा सण अशा रीतीने लावण्याचा सण झाला. इस्राएलच्या संसदेचे (क्नेसेत) पहिले अधिवेशन १४ फेब्रुवारी १९४९ रोजी जेरूसलेम येथे भरले, तो दिवस तू बिश्वातचाच होता.

वृक्षारोपणाच्या या प्रथेबरोबर काही प्रश्नही आले. विसाव्याच्या सातव्या वर्षी धर्मशास्त्राप्रमाणे लागवड निषिद्ध असते. त्यामुळे २०२१–२२ सारख्या वर्षी धर्मनिष्ठ लोक वृक्षांच्या नववर्षी झाड लावीत नाहीत. जुना नियम व नवी प्रथा यांचा असा विरोध दर सात वर्षांनी समोर येतो. प्रारंभीच्या वनीकरणात एकाच जातीच्या पाइन वृक्षांवर भर दिला गेला. अशी वने लवकर पेटतात, ही गोष्ट पुढे ध्यानात आली व मिश्र लागवडीकडे कल वळला. डिसेंबर २०१० मध्ये कार्मेल डोंगरावरील वणव्यात ४४ माणसे मृत्युमुखी पडली. काही वने १९४८ च्या युद्धात ओस पडलेल्या अरब खेड्यांच्या जागी उभी आहेत आणि जानेवारी २०२२ मध्ये, तू बिश्वातच्याच सुमारास, नेगेव्ह प्रदेशातील लागवडीला तेथील बदाउनींनी जमिनीवरील आपल्या हक्कासाठी तीव्र विरोध केला. जमीन कोणाची व तिच्या फळावर कोणाचा हक्क, हा या तारखेच्या मुळाशी असलेला प्रश्न नव्या स्वरूपात अजून जिवंत आहे.

इतर देशांतील ज्यू समाजांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तू बिश्वातला पर्यावरणदिनाचे रूप येत गेले. कब्बालामधील भोजनविधी नव्या स्वरूपात पुन्हा प्रचारात आला आणि वेढा घातलेल्या नगराची फळझाडेसुद्धा तोडू नयेत, या अनुवाद ग्रंथातील आज्ञेचे वाचन त्यात समाविष्ट झाले.

महाराष्ट्रातील बेने-इस्राएल : कोकणात, मुख्यतः रायगड (पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्यात, शतकानुशतके राहिलेल्या बेने-इस्राएल समाजाची मातृभाषा मराठी आहे. तेलाचे घाणे चालविणे व शनिवारी काम बंद ठेवणे यांवरून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून त्यांचे पूर्वज येथे आले, अशी त्यांची परंपरा सांगते. दीर्घकाळ इतर ज्यूंपासून दूर राहिल्यामुळे त्यांच्या सणांना मराठी नावे पडली. उदा., रोश हाशाना हा ‘नव्याचा सण’, योम किप्पूर हा ‘दारफाळणीचा सण’, तर पुरीम हा ‘होळीचा सण’ झाला. शेवातच्या १५ तारखेस मात्र या समाजात वृक्षांच्या वर्षाचा नव्हे, तर ‘एलियाहू हन्नबीचा उरूस’ भरतो. हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये लिहिलेल्या व १९३७ मध्ये तेल आविव्ह येथे प्रकाशित झालेल्या आपल्या समाजाच्या इतिहासात या उरुसाची नोंद केली आहे.

एलियाहू (एलिया) हा इ. स. पू. नवव्या शतकातील प्रेषित. तो अग्निरथातून सदेह स्वर्गास गेला, असे जुन्या करारात सांगितले आहे. बेने-इस्राएलांच्या श्रद्धेप्रमाणे तो कोकणातही अवतरला आणि अलिबागजवळील खंडाळे या गावाहून स्वर्गास परत गेला. हे खंडाळे बोरघाटातील खंडाळ्याहून वेगळे. तेथील खडकावर त्याच्या रथाच्या व घोड्याच्या टापांच्या खुणा उमटल्या, असे मानतात. या स्थानी जाऊन नवस फेडण्याची, प्रार्थना करण्याची व मलिदा अर्पण करण्याची प्रथा आहे. भिजवलेले पोहे, किसलेले खोबरे, साखर किंवा गूळ, वेलदोडा व सुका मेवा यांचा मलिदा ताटात रचून त्याभोवती निरनिराळी फळे मांडतात. एलियाहूची गीते म्हटल्यावर झाडाच्या फळासाठी व जमिनीतून येणाऱ्या फळासाठी (केळी या दुसऱ्या वर्गात मोडतात) निरनिराळी हिब्रू आशीर्वचने उच्चारून सर्वजण प्रसाद घेतात. विवाह, गृहप्रवेश, आजारातून उठणे अशा प्रसंगीही मलिदा करतात. पण वर्षातील त्याचा नेमलेला दिवस हाच होय.

या उरुसात दशमांशाची किंवा पावसाच्या पाण्याची स्मृती नाही. ‘उरूस’ व ‘मलिदा’ हे शब्दही कोकणातील मुसलमान शेजाऱ्यांच्या परिसरातून आलेले आहेत. तरीही तिथी तीच, फळे व त्यांवरील आशीर्वचने तीच आणि कृतज्ञतेचा भावही तोच. १९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य लोक इस्राएलला गेले. तेथेही ते मलिदा करतात आणि हैफा येथील एलियाहूच्या गुहेला भेट देतात. खंडाळ्याची तिथी अशा रीतीने वृक्षांच्या नववर्षाच्या मूळ भूमीत परत गेली आहे.

सांप्रतचे आचरण व महत्त्व : तू बिश्वातच्या दिवशी कामधंदा बंद ठेवावा लागत नाही, सिनेगॉगमध्ये तोराचे खास वाचन वा सणांची स्तोत्रमालिका नसते, म्हणूनच तो गौण सण समजला जातो. घरोघरी फळे मांडतात, हंगामातील नवे फळ प्रथम खाताना या क्षणापर्यंत जगविल्याबद्दल ईश्वराचे आभार मानणारे आशीर्वचन म्हणतात आणि मुले शाळेतून रोपे घेऊन जातात. इस्राएलमधील धर्मनिष्ठ बागायतदारांच्या दृष्टीने मात्र या तारखेचे मूळ कार्य संपलेले नाही. मंदिर नसल्यामुळे दशमांश पूर्वीप्रमाणे पोचविता येत नाही. तरी तो विधिपूर्वक बाजूला काढतात व फळ कोणत्या वर्षाचे हे आजही शेवातच्या १५ तारखेवरूनच ठरवितात. नव्या झाडाच्या पहिल्या तीन वर्षांच्या फळांचा निषेध तर इस्राएलबाहेरही पाळला जातो.

दर पिढीने या तारखेला आपल्या परिस्थितीप्रमाणे अर्थ दिला. मिश्नाच्या काळी ती देण्याची तारीख होती, विजनवासात स्मरणाची, गूढवाद्यांना आत्मशुद्धीची, वसाहतकारांना लागवडीची व कोकणातील बेने-इस्राएलांना प्रेषिताच्या दर्शनाची. या अर्थांमागील समान धागा असा, की झाडाचे फळ केवळ ज्याच्या अंगणात झाड आहे त्याचे नसते. त्यात पावसाचा, ते लावून गेलेल्यांचा व दारी उभ्या असलेल्या गरजूचा वाटा असतो. तो वाटा किती व कोणत्या वर्षाचा, हे काटेकोरपणे मोजण्यासाठी ही तारीख नेमली गेली आणि मोजण्याचे प्रयोजन बहुतेकांपुरते संपल्यावरही तो वाटा आहे ही जाणीव उरली. आज तू बिश्वातचा आनंद प्रामुख्याने या जाणिवेचा आहे.